सिटॅक्युला पोपट: वर्गीकरण आणि विविधता – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरवे अंग, बाकदार चोच आणि लांब निमुळती शेपटी दिसली की आपण ‘पोपट’ म्हणून मोकळे होतो. असे पोपट, म्हणजे सिटॅक्युला गटातले, आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत पसरले आहेत. त्यांच्या तेरा जाती आज जिवंत आहेत, काही कायमच्या गेल्या आहेत. दिसायला सारखे असले तरी त्यांचे वंश फार पूर्वी वेगळे झाले. कोण कोणाच्या जवळचा, हे गेल्या वीसेक वर्षांत डीएनएमुळे बरेच उलगडले आहे आणि नावेही बदलू लागली आहेत. त्यामुळे पक्षी पाहणाऱ्यांच्या मनात जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

पोपटांच्या एवढ्या पसाऱ्यात हा गट कुठे बसतो?

सगळे पोपट सिटॅसिफॉर्मीस या गणातले. जगात त्यांच्या सुमारे ४०० जाती आहेत. या गणाच्या तीन मोठ्या शाखा मानतात. पहिली न्यूझीलंडच्या काकापो, किआ आणि काका यांची, दुसरी काकाकुव्यांची आणि तिसरी उरलेल्या सगळ्या पोपटांची. तिसऱ्या शाखेत सिटॅक्युलिडी नावाचे मोठे कुल आहे. लोरी, बजरीगर, लव्हबर्ड, रोझेला, इक्लेक्टस हे सगळे त्यातलेच. आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ती सिटॅक्युला प्रजाती याच कुलातली आहे. हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ क्युव्हिए याने १८०० साली दिले.

पुढे वाचताना गोंधळ नको म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. कुलाच्या खाली प्रजाती, प्रजातीच्या खाली जाती आणि जातीच्या खाली उपजाती. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो.

या गटात कोणकोणते पोपट येतात?

भारतात सर्वांत जास्त दिसणारा तो कंठवाला पोपट, म्हणजे आपला राघू (क्रॅमेरी). त्याच्याहून बराच मोठा पहाडी पोपट (युपॅट्रिया). जांभळट डोक्याचा तोईपोपट (सायनोसेफाला) आणि बंगालपासून पूर्वेकडे आढळणारा त्याचा जवळचा भाऊबंद, गुलाबी डोक्याचा पोपट (रोझिएटा). हिमालयात करड्या डोक्याचा पोपट (हिमालयाना) आणि ईशान्य भारतापासून इंडोचीनपर्यंत राखी डोक्याचा पोपट (फिन्शी). पश्चिम घाटात मलबारी पोपट (कोलंबॉइडिस) आणि श्रीलंकेत लेयार्डचा पोपट (कॅलथ्रापी). लाल छातीचा पोपट (अलेक्झांड्री) हिमालयाच्या पायथ्यापासून जावापर्यंत पसरलेला, तर डर्बीचा पोपट (डर्बियाना) तिबेट, नैऋत्य चीन आणि अरुणाचलच्या उंच भागातला. लांब शेपटीचा पोपट (लाँगिकॉडा) अंदमान-निकोबारपासून बोर्निओपर्यंत आढळतो आणि निकोबारी पोपट (कॅनिसेप्स) फक्त निकोबारच्या काही बेटांवर. तेरावा मॉरिशसचा एको पोपट (इक्वीस).

उष्ण कटिबंधातला गट म्हणून तो ओळखला जातो आणि बहुतेक जातींना ते लागूही पडते. डर्बीचा पोपट मात्र सूचिपर्णी आणि ओकच्या जंगलात राहतो आणि सुमारे ४,००० मीटर उंचीपर्यंत दिसतो.

राघू आणि पहाडी पोपट यांत फरक कसा करायचा? लहान-मोठा एवढ्यावर भरवसा वाटत नाही.

बरोबर आहे, एकटा पक्षी उंच फांदीवर बसलेला असेल तर आकार फसवतो. राघू शेपटीसकट साधारण ४० सेंटिमीटर, तर पहाडी पोपट ५५ सेंटिमीटरच्या आसपास. दोघांच्याही नरांच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असतो. खांद्याकडे पाहा. पहाडी पोपटाच्या पंखाच्या वरच्या भागावर गडद तांबडा, मरून डाग असतो. तो नरातही असतो आणि मादीतही. राघूला हा डाग कधीच नसतो. पहाडी पोपटाची चोचही एवढी जाड की डोके तिच्यामानाने लहान वाटते. आवाज घोगरा आणि खोल असतो. एकदा कानात बसला की थवा दिसायच्या आधीच ओळख पटते.

तोईपोपट ओळखायला सोपा म्हणतात, पण मादी पाहिली की गोंधळ उडतो. नेमके काय पाहायचे?

हा माझा सगळ्यांत आवडता पोपट आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

नराचे डोके कपाळाकडे लालसर आणि मागे जाता जाता जांभळे-निळसर होत जाते. हनुवटीपासून निघालेली काळी रेघ बारीक होत मानेभोवती फिरते आणि तिच्या लगत मागच्या बाजूला निळसर-हिरव्या रंगाची पट्टी असते. खांद्यावर छोटासा मरून ठिपका. वरची चोच लाल नसते, ती नारिंगी-पिवळी असते. शेपटीची मधली लांब पिसे निळी आणि टोकाला स्वच्छ पांढरी. उडताना पोपट शेपटी पसरतो तेव्हा ही पांढरी टोके झळकतात आणि दुरूनही ओळख देतात.

मादीचे डोके मंद निळसर-करडे असते. काळा कंठ नाही, त्या जागी पिवळसर गळपट्टी. खांद्यावरचा मरून ठिपका तिला सहसा नसतो. पिल्लांचे डोके तर हिरवेच असते. त्यामुळे एकाच थव्यात तीन रंगांची डोकी दिसतात आणि नवख्या माणसाला तीन जाती पाहिल्यासारखे वाटते. अशा वेळी शेपटीची टोके बघा, ती सगळ्यांची पांढुरकी असतात. शिवाय आवाज. राघूच्या कर्कश ओरडण्यापुढे तोईपोपटाची ‘टुईंक’ अशी हाक फारच मंजूळ वाटते.

गुलाबी डोक्याच्या पोपटाशी गल्लत होते ती पूर्वेकडे, जिथे दोघांचे प्रदेश जवळ येतात. त्याच्या नराचे डोके फिकट गुलाबी, वर व मागे जांभळट छटेचे असते. शेपटीची टोके पांढरी नसून फिकट पिवळी असतात. त्याच्या मादीला मरून ठिपका असतो. करड्या डोक्याची मादी, खांद्यावर मरून ठिपका आणि शेपटीचे टोक पिवळे हे तीनही जुळले तर ती तोईपोपटाची मादी नव्हे. या पोपटाला ‘रोझिएटा’ हे आजचे नाव भारतीय पक्षीशास्त्रज्ञ बिस्वमय बिस्वास यांनी १९५१ साली दिले.

मलबारी पोपट पश्चिम घाटाबाहेर दिसतो का?

नाही. ही पश्चिम घाटाची प्रदेशनिष्ठ जाती आहे. सह्याद्रीच्या दमट जंगलात, उंच झाडांच्या ढोलीत ती घरटे करते. डोके आणि छाती राखाडी, पंख आणि शेपटी निळी, शेपटीचे टोक पिवळे. नराच्या गळ्यात काळी पट्टी आणि तिला लागून चमकदार निळी-हिरवी पट्टी. सकाळच्या उन्हात ही पट्टी समोरून दिसली की नजर हटत नाही. नराची वरची चोच लाल असते, मादीची काळपट.

त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक श्रीलंकेतला लेयार्डचा पोपट आहे. त्याचेही डोके राखाडी, त्याच्याही मादीची चोच काळी. समुद्राच्या एका चिंचोळ्या पट्ट्याच्या दोन बाजूंना, दोन दमट जंगलांत, एका मुळाच्या दोन जाती नांदतात. पश्चिम घाट आणि श्रीलंका यांना जैवविविधतेच्या दृष्टीने एकत्र का मोजतात, हे या जोडीवरून छान समजते.

गळ्याला कंठ नाही, म्हणजे ती मादीच का?

तसे छातीठोकपणे सांगता येत नाही. राघूच्या नराला पूर्ण कंठ यायला साधारण तीन वर्षे लागतात. त्याआधी तरुण नर आणि मादी जवळपास सारखेच दिसतात. काळा-गुलाबी कंठ स्पष्ट असेल तर तो नर, एवढेच खात्रीने म्हणता येते.

निळा, पिवळा किंवा पांढरट राघू ही वेगळी जाती आहे का?

नाही. ते सगळे क्रॅमेरीच. हे रंग जनुकीय बदलातून येतात आणि पाळीव पक्ष्यांत निवड करून टिकवले जातात.

पोपटाचा हिरवा रंग मुळात एका रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या तंतूंत केराटिन (पिसे आणि नखे ज्याची बनतात ते प्रथिन) आणि हवेची अतिसूक्ष्म जाळी असते. ती निळा प्रकाश परतवते. त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असतो, आणि निळा नि पिवळा मिळून डोळ्यांना हिरवा दिसतो. हे पिवळे-लाल रंगद्रव्य पोपट स्वतःच्या शरीरात तयार करतात. ते फक्त पोपटांतच सापडते आणि त्याला सिटॅकोफल्व्हिन म्हणतात. ते बनलेच नाही तर पक्षी निळा होतो. उलट, काळे मेलॅनिन नसेल तर निळाईला लागणारी गडद पार्श्वभूमी जाते आणि पक्षी पिवळाजर्द, लाल डोळ्यांचा होतो. दोन्ही गोष्टी नसतील तर पांढरा. गळून पडलेले निळसर शेपटीचे पीस सापडले तर ते उजेडासमोर धरून आरपार पाहा. निळाई नाहीशी होऊन पीस मळकट तपकिरी दिसते, कारण निळा रंग पिसाच्या रचनेतून येतो.

वर्गीकरणाच्या दृष्टीने याचा धडा मोठा आहे. एखाद-दुसऱ्या जनुकाने अख्ख्या पक्ष्याचा रंग पालटतो, म्हणून केवळ रंगावरून नाती जुळवणे धोक्याचे ठरते.

सिटॅक्युला प्रजातीचे तुकडे का केले? जुने नाव काय वाईट होते?

प्रजाती म्हणजे एका पूर्वजाची सगळी संतती, असा आजच्या वर्गीकरणाचा आग्रह आहे. ‘सगळी’ या शब्दावर जोर द्यायला हवा. एका पूर्वजाच्या काही वंशजांना आत घ्यायचे आणि काहींना केवळ वेगळे दिसतात म्हणून बाहेर ठेवायचे, हे चालत नाही.

सिटॅक्युलाच्या बाबतीत नेमके तेच घडले होते. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये टॅनिग्नॅथस नावाचे थोराड चोचीचे, आखूड शेपटीचे पोपट आहेत. मलय प्रदेशात सिटिनस नावाचे लहान, निळसर पाठीचे पोपट आहेत. दिसायला ते राघूपेक्षा इतके निराळे की त्यांच्या प्रजाती स्वतंत्र मानल्या गेल्या. डीएनए तपासल्यावर मात्र या दोन्हींची मुळे सिटॅक्युलाच्या वंशवृक्षाच्या आतच निघाली. म्हणजे काही ‘सिटॅक्युला’ पोपट इतर ‘सिटॅक्युला’ पोपटांपेक्षा टॅनिग्नॅथसच्या जास्त जवळचे होते.

मग दोनच वाटा उरल्या. एक, सगळ्यांना मिळून सिटॅक्युला म्हणायचे. दुसरी, एकत्र कुटुंब वेगळे होते तशी घरे स्वतंत्र करायची. २०१९ साली ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दुसरी वाट धरली. त्यानुसार तोईपोपट, गुलाबी डोक्याचा, करड्या डोक्याचा आणि राखी डोक्याचा हे चौघे हिमालयाप्सिटा प्रजातीत गेले. मलबारी आणि लेयार्डचा पोपट निकोप्सिटामध्ये, पहाडी पोपट पॅलिऑर्निसमध्ये, राघू आणि एको पोपट अलेक्झांड्रिनसमध्ये, आणि लांब शेपटीचा पोपट बेलोसर्कसमध्ये. लाल छातीचा, डर्बीचा आणि निकोबारी पोपट एवढेच सिटॅक्युलात उरले. यांतली काही नावे जुनी, पुन्हा वापरात आणलेली आहेत, काही नव्याने घडवलेली.

माझ्या मते ही विभागणी योग्य आहे. तोईपोपट आणि पहाडी पोपट एकाच प्रजातीत ठेवल्याने त्यांच्यातले खरे अंतर झाकले जात होते.

मग ‘सिटॅक्युला’ हे नाव राघूला न मिळता लाल छातीच्या पोपटाला का मिळाले? सगळ्यांत माहितीतला तर राघूच.

कारण प्रत्येक प्रजातीची एक प्रमाण जाती ठरलेली असते. प्रजाती फुटली की नाव त्या जातीबरोबर जाते. इथे संख्या किंवा प्रसिद्धी पाहिली जात नाही. सिटॅक्युलाची प्रमाण जाती आहे अलेक्झांड्री, म्हणजे लाल छातीचा पोपट. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने तिचे वर्णन १७५८ साली केले. चोचीच्या खाली दोन्ही बाजूंना जाड काळी मिशी आणि कपाळावर डोळ्यापर्यंत जाणारी काळी रेघ, अशी त्याची मुद्रा आहे.

इथे नावांचा एक जुना घोळही आहे. पंजाबातून ग्रीक जगात पोपट नेले असे ज्या अलेक्झांडर बादशहाबद्दल सांगतात, त्याच्यावरून इंग्रजीत ओळखला जातो तो पहाडी पोपट. पण शास्त्रीय नावात ‘अलेक्झांड्री’ लाल छातीच्या पोपटाला लागले, आणि आता ‘अलेक्झांड्रिनस’ ही प्रजाती राघूची झाली. तीन वेगळ्या पक्ष्यांना एकाच माणसाचे नाव. वाचताना सावध राहावे लागते.

डीएनएने सांगितले म्हणजे शेवटचा शब्द झाला का?

नाही. याच गटाच्या शेजारी त्याचे ठळक उदाहरण आहे.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर मॅस्करीन पोपट होता. तपकिरी अंग, लाल चोच, तोंडाभोवती काळा मुखवटा. तो नामशेष झाला. त्याचे भुसा भरलेले दोनच नमुने उरले आहेत, एक पॅरिसला आणि एक व्हिएन्नाला. २०११-१२च्या सुमाराच्या एका डीएनए अभ्यासात तो सिटॅक्युलाच्या वंशवृक्षात, राघूच्या नातलगांत बसलेला दिसला. त्यावरून बरेच तर्क झाले. नंतर २०१७ साली पुन्हा तपासणी झाली तेव्हा निष्कर्ष उलटा आला. तो पोपट मादागास्कर आणि आसपासच्या बेटांवरच्या काळपट व्हासा पोपटांचा नातेवाईक निघाला. आधीच्या तपासणीतल्या नमुन्यात दुसऱ्या पोपटाचा डीएनए मिसळला असावा, असे स्पष्टीकरण दिले गेले.

शेदीडशे वर्षांपूर्वीच्या कातडीतून डीएनए तुकड्या-तुकड्यांत मिळतो. त्याच प्रयोगशाळेत ताज्या नमुन्यांवर काम झाले असेल तर भेसळ व्हायला कणभर अंशही पुरतो. म्हणून दुर्मीळ नमुन्यांवरचा निष्कर्ष स्वतंत्रपणे पुन्हा तपासला जाईपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

जुन्या पुस्तकांत ‘इंटरमीडिया’ नावाचा पोपट दिसतो. तो आता कुठे गेला?

ती जाती नव्हतीच. १८९५ साली ब्रिटिश पक्षीसंग्राहक रॉथशिल्डने मुंबईहून आलेल्या कातड्यांवरून या पोपटाचे वर्णन केले. रंगरूप तोईपोपट आणि करड्या डोक्याचा पोपट यांच्या बरोबर मधले. जंगलात तो कोणाला सापडत नव्हता, नमुने होते ते सगळे व्यापारातून आलेले. त्यामुळे पुढची शंभरएक वर्षे ‘हिमालयाच्या पायथ्याला कुठेतरी दडलेली दुर्मीळ जाती’ अशी त्याची ख्याती राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस पक्षीबाजारात काही जिवंत पक्षीही आढळले आणि कुतूहल आणखी वाढले.

१९९९ साली पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी नमुन्यांचा बारकाईने अभ्यास करून दाखवून दिले की हा त्या दोन जातींचा संकर आहे. डोक्याचा रंग, शेपटीच्या टोकाची छटा, मोजमापे, सगळेच दोन्ही पालकांच्या मधोमध पडत होते. एखाद्या स्थिर जातीत न दिसणारी नमुन्या-नमुन्यांतली चलबिचलही त्यात होती. जाती ठरवण्यासाठी तो पक्षी जंगलात, स्वतःच्या प्रदेशात, स्वतःच्या जोडीदारासह दिसणे किती महत्त्वाचे, हे या प्रकरणातून शिकावे.

एकाच जातीत उपजाती कशासाठी?

कारण प्रदेशागणिक फरक पडत जातो. राघूच्या चार उपजाती मानतात, दोन आफ्रिकेत आणि दोन आशियात. आफ्रिकेतले राघू लहानखुरे, चोचीवर जास्त काळपट छटा असलेले. उत्तर भारतातली उपजाती बोरिआलिस, दक्षिणेतली आणि श्रीलंकेतली मॅनिलेन्सिस. जवळून पाहायला मिळाले तर खालची चोच बघा. उत्तरेत तिच्यावर लाल रंग असतो, दक्षिणेत ती काळी असते. पहाडी पोपटाच्या पाच उपजाती आहेत, त्यांतली एक अंदमानातली, आणखी जाड चोचीची.

बेटांवर एवढी विविधता आणि एवढा विनाश का?

मुख्य भूमीवरून वाऱ्या-वादळाने किंवा भटकत पोपटांचा थवा बेटावर पोचला की तो एकटा पडतो. पिढ्यान्‌पिढ्या बाहेरचे रक्त मिसळत नाही, खाणे वेगळे, शत्रू नाहीत. हळूहळू स्वतंत्र जाती घडते. पण संख्या मुळातच थोडी आणि पळून जायला जागा नसते. माणूस येतो, जंगल तोडून लागवड करतो, सोबत उंदीर आणि माकडे आणतो, आणि काही दशकांत सगळे संपते.

सेशेल्सचा पोपट पाहा. तो पहाडी पोपटाचा सर्वांत जवळचा नातेवाईक होता. खांद्यावर तसाच मरून डाग, पण गळ्याच्या कंठात गुलाबी रंग नाही. पिकांचे नुकसान करतो म्हणून त्याला गोळ्या घातल्या गेल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तो संपला होता. मॉरिशसजवळच्या रॉड्रिग्ज बेटावरचा न्यूटनचा पोपट निळसर-राखी अंगाचा होता. त्याचे वर्णन १८७२ साली झाले आणि १८७५ नंतर त्याचा नमुना मिळाला नाही. दोनच कातडी उरली, दोन्ही केंब्रिजला. मॉरिशसवरचा एक करडा पोपट तर फक्त हाडांवरून आणि जुन्या प्रवाशांच्या लिखाणावरून माहीत आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन १९७३ साली झाले, तो नाहीसा झाल्यावर फार उशिराने.

मग मॉरिशसचा एको पोपट कसा वाचला?

अगदी कडेलोटावरून. रियुनियनवरची त्याची उपजाती कधीच गेली होती. मॉरिशसवर १९८०च्या दशकात माहितीतले पक्षी जेमतेम दहा-बारा होते. जगातला सर्वांत दुर्मीळ पोपट म्हणून त्याची गणना होत असे.

मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन आणि तिथल्या सरकारने चिकाटीने काम केले. पक्षीसंवर्धक कार्ल जोन्स यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. घरट्यांवर पाळत ठेवायची, ढोल्या उंदीर-माकडांपासून सुरक्षित करायच्या, पावसाने ओल्या होणाऱ्या ढोल्या दुरुस्त करायच्या, घरट्यातले सगळ्यांत अशक्त पिल्लू उपाशी मरण्याआधी काढून हाताने वाढवायचे, जंगलात पूरक खाद्य ठेवायचे, लाकडी घरटी टांगायची. मधे चोच आणि पिसांचा विषाणूजन्य रोगही आला. तरीही संख्या शेकड्यांत गेली. २००७ साली तो अतिसंकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात आणि २०१९ साली असुरक्षित वर्गात आला. धोक्याच्या यादीत खाली सरकणे ही पक्ष्यासाठी आनंदाची बातमी असते, आणि अशा बातम्या फार कमी येतात.

अंदमान-निकोबारमधल्या पोपटांबद्दल फारसे वाचायला मिळत नाही. तिथे काय आहे?

पहाडी, लाल छातीचा, लांब शेपटीचा आणि निकोबारी असे या गटातले चार पोपट या द्वीपसमूहात आहेत. त्यांतला निकोबारी पोपट फक्त ग्रेट निकोबार, लिटल निकोबार आणि त्यांच्या लगतच्या छोट्या बेटांवर आढळतो. शेपटीसकट जवळपास ६० सेंटिमीटर लांब, म्हणजे या गटातल्या सर्वांत मोठ्या पोपटांपैकी एक. डोके राखाडी, कपाळावर काळी रेघ, हनुवटीवर रुंद काळा पट्टा. उंच झाडांच्या शेंड्यावर राहतो आणि केवड्याच्या कुळातल्या पँडनसची फळे आवडीने खातो.

ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ आणि वसाहतीच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळवायला तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. ज्याचे जगातले घर दोन-चार बेटांपुरते आहे, त्याच्यासाठी एवढे जंगल म्हणजे फार मोठा भाग. मला याची मनापासून काळजी वाटते.

दक्षिण अमेरिकेतले कोन्योर याच गटातले का? आणि बजरीगर, लव्हबर्ड?

कोन्योर नाहीत. लांब शेपटी, हिरवा रंग, थव्याने राहणे हे सारखेपण आहे, पण ते सिटॅसिडी कुलातले, मकाव आणि ॲमेझॉन पोपटांच्या घरातले. तिथेही अशीच पुनर्रचना झाली आहे. पूर्वीच्या अराटिंगा प्रजातीतून सिटाकारा, युप्सिट्युला आणि थेक्टोसर्कस वेगळ्या काढल्या गेल्या.

बजरीगर सिटॅक्युलिडी कुलातलाच, पण तो लोरींच्या जवळचा. लव्हबर्डही त्याच कुलातले. भारतात जंगलात उलटा लटकून झोपणारा इवलासा लटकन पोपट मात्र राघूपेक्षा लव्हबर्डच्या अधिक जवळचा आहे.

युरोपच्या शहरांत दिसणारे पोपट कुठून आले?

पिंजऱ्यांतून सुटलेले किंवा सोडलेले राघू आहेत ते. ब्रसेल्समध्ये १९७४ साली काही पक्षी सोडले गेले आणि तिथे मोठी वस्ती तयार झाली. लंडनमध्येही मोठी संख्या आहे. डीएनएवरून त्यांचे मूळ मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारतातले निघाले. थंडी सोसणारी उपजाती बोरिआलिस असल्याने हे पटण्याजोगे आहे. ढोल्यांसाठी ते स्थानिक पक्ष्यांशी झगडतात. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात मोठ्या वटवाघळांना त्यांनी ढोल्यांतून हुसकावल्याची नोंद आहे.

वर्गीकरण बदलल्याने संवर्धनात खरोखर काही फरक पडतो का?

पडतो, आणि म्हणूनच हा विषय केवळ अभ्यासकांवर सोपवून चालत नाही. धोक्याची यादी जातीनुसार होते. दोन जाती एकच समजल्या तर दुर्मीळ असलेली जाती मुबलक असलेलीच्या आकड्यांत दडून जाते. पहाडी पोपट ‘निकट-धोका’ वर्गात आहे, राघू नाही. बाजारात मात्र दोन्हींची पिल्ले एकाच टोपलीत येतात. पहाडी पोपट बोलका म्हणून त्याला मागणी जास्त, आणि ढोलीसाठी त्याला जुनी जाड झाडे लागतात, ती कमी होत चालली आहेत.

कायद्याच्या बाबतीत गैरसमज फार आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली भारतातल्या जंगली पोपटांना पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार वेगळा. त्यात जवळजवळ सगळे पोपट येतात, पण राघू, बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड हे चार वगळलेले आहेत. या सवलतीवरून ‘राघू पाळायला परवानगी आहे’ असे कोणी सांगितले तर ते चुकीचे आहे. भारतात भारताचा कायदा लागू होतो.

नोंदवहीत आता जुने नाव लिहू की नवे?

जगातल्या सगळ्या पक्षीयाद्या अजून एकमताच्या नाहीत. काहींनी नव्या प्रजाती स्वीकारल्या, काहींत जुने सिटॅक्युला दिसते. तुम्ही जी यादी वापरता तिचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि तीच शेवटपर्यंत पाळा. प्रजाती बदलली तरी जातीचे नाव तेच राहते. क्रॅमेरी, युपॅट्रिया, कोलंबॉइडिस हे दुसरे शब्द नीट लिहिलेले असले की पुढे कोणतीही यादी आली तरी नोंद शोधता येते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे खांद्यावर डाग होता की नाही, शेपटीचे टोक पांढरे की पिवळे, वरच्या आणि खालच्या चोचीचा रंग कोणता, आवाज कसा, हे जागेवरच टिपा. थवा उडून गेल्यावर आठवणीतून भरू नका. जे दिसले नाही ती जागा रिकामी ठेवा.